माळ्यावरच्या होम सर्व्हरला मॉनिटरिंग डॅशबोर्ड: काय बसवू आणि काय सोडू?

माळ्यावरचा_डबा

मुलुंड, वन बीएचके. हॉलच्या माळ्यावर लॅमिंग्टन रोडचा सेकंडहँड मिनी पीसी आहे: आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई आणि यूएसबीवर ४ टीबीची हार्ड डिस्क. डेबियन १२ (लिनक्स) वर डॉकर, म्हणजे प्रत्येक अॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय; त्यात इमिच (फोटो), जेलीफिन (सिनेमे), पाय-होल (जाहिराती अडवायला) आणि नेक्स्टक्लाउड (फाइली). राउटर आणि पीसी ६०० व्हीएच्या एकाच यूपीएसवर आहेत, पण त्या यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही. नेट केबलवाल्याचं, म्हणजे सीजीनॅटच्या मागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी, बाहेरून थेट आत येता येत नाही).

डिस्क किती भरली, माळ्यावर डबा किती तापतोय, कुठला कंटेनर रॅम खातोय हे एका पानावर दिसायला हवं आणि बिघडलं तर टेलिग्रामवर कळायला हवं. प्रोमेथियस (आकडे गोळा करून साठवणारा) आणि ग्राफाना (त्यांचे ग्राफ दाखवणारा) टाकू का? की एवढ्याशा मशीनवर त्याचाच भार होईल? आणि लाइट गेली की सर्व्हर आपोआप नीट बंद करता येईल का?

स्लो_लोकल

भार होत नाही. अंदाज मांडून बघा. नोड एक्स्पोर्टर आणि सीअॅडव्हायजर (पहिला मशीनचे आकडे देतो, दुसरा कंटेनरचे) मिळून साधारण ३,००० सिरीज, म्हणजे आकड्यांच्या मालिका, धरा. दर ३० सेकंदांनी वाचलं तर दिवसाला प्रत्येकीचे २,८८० नमुने होतात. एका नमुन्याला डिस्कवर एक ते दोन बाइट लागतात. म्हणजे जास्तीत जास्त दिवसाला १७ एमबी आणि ९० दिवसांना दीड जीबी. मुदत न सांगितल्यास प्रोमेथियस १५ दिवसांनी जुना डेटा पुसतो, म्हणून रिटेन्शनचा फ्लॅग ९० दिवसांवर ठेवा. डेटा एनव्हीएमईवरच राहू द्या. यूएसबी डिस्कवर ठेवलात तर ती कधी झोपणारच नाही, आणि एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) ठेवायला प्रोमेथियसवालेच नको म्हणतात.

सगळं एकाच कंपोज फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते डॉकरला सांगणारी फाइल) लावा. पोर्ट नेहमीचेच: प्रोमेथियस ९०९०, नोड एक्स्पोर्टर ९१००, सीअॅडव्हायजर ८०८०, अलर्टमॅनेजर (अलर्टचे मेसेज धाडणारा) ९०९३, ग्राफाना ३०००. आता नव्वद टक्के लोक जिथे अडकतात त्या जागा.

पहिली, परवानगी. प्रोमेथियसचा कंटेनर ६५५३४ नंबरच्या युजरने चालतो आणि ग्राफानाचा ४७२ ने. होस्टवरचं, म्हणजे मूळ मशीनवरचं फोल्डर रूटच्या मालकीचं असेल तर प्रोमेथियस ‘परमिशन डिनाइड’ म्हणत सारखा रीस्टार्ट होत बसतो. फोल्डरची मालकी आधीच त्या त्या नंबरला देऊन टाका, किंवा सरळ डॉकरचं नेम्ड व्हॉल्यूम वापरा.

दुसरी, लोकलहोस्ट. प्रोमेथियसच्या कंटेनरमधून लोकलहोस्ट:९१०० म्हटलं की तो स्वतःच्याच पोटात शोधतो. तिथे काही नसतं, म्हणून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. एकाच डॉकर नेटवर्कवर असाल तर सर्व्हिसचं नाव लिहा.

तिसरी, नोड एक्स्पोर्टर कंटेनरमध्ये चालवताना होस्टचं रूट फोल्डर फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि रूटएफएसचा फ्लॅग त्या जागेकडे वळवा. हे राहिलं तर आकडे येतात, पण ते कंटेनरच्या जगातले. ४ टीबीची डिस्क डॅशबोर्डवर उगवतच नाही. खरं सांगायचं तर नोड एक्स्पोर्टर डॉकरमध्ये घालूच नका. डेबियनमध्ये त्याचं तयार पॅकेज आहे, अॅप्टने टाका आणि विषय संपवा. मग मात्र तो होस्टवर असणार, म्हणून प्रोमेथियसला होस्ट-गेटवेचा (कंटेनरमधून मूळ मशीनकडे नेणारा) पत्ता द्यावा लागेल.

चौथी गोष्ट सुरक्षेची. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला जुमानत नाही. कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून उघडेल. सीजीनॅट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ बाहेरून थेट पोचतो. ऑफिसातून बघायचं तर टेलस्केल (खासगी व्हीपीएन) टाका, तो सीजीनॅटमधूनही वाट काढतो. आणि ग्राफानाचा अॅडमिन-अॅडमिन पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदला.

डॅशबोर्ड शून्यापासून काढू नका. ग्राफानात इम्पोर्टमध्ये १८६० हा आयडी टाका, ‘नोड एक्स्पोर्टर फुल’ येतो. त्यात डोळे फिरतील इतके पॅनेल आहेत. आठवडाभर बघा, मग कामाचे सहा-सात उचलून स्वतःचं वेगळं पान करा. मेमरीसाठी ‘अव्हेलेबल’ घ्या, ‘फ्री’ नको. लिनक्स मोकळी रॅम कॅशला वापरतो, त्यामुळे ‘फ्री’ कायम तळाला गेलेली दिसते आणि उगाच धडकी भरते.

सौ_टर्मिनल

एका डब्यासाठी पाच कंटेनर म्हणजे मुंगी मारायला तोफ. बेझेल बघा: हब ८०९० वर, एजंट ४५८७६ वर, दोनच तुकडे. सीपीयू, रॅम, डिस्क, तापमान, कंटेनरनिहाय रॅम, सगळं येतं. जोडीला अपटाइम कुमा ३००१ वर ठेवा, तो जेलीफिन-नेक्स्टक्लाउड उघडतायत का ते बघेल आणि टेलिग्रामवर कळवेल. तुमच्या प्रश्नातलं बरंचसं अर्ध्या तासात उरकतं. प्रोमेथियस घ्यायचा तो स्वतःचे आकडे त्यात घालायचे असतील तर. त्या बाबतीत मात्र त्याला तोड नाही, आणि हार्ड डिस्कसाठी मी तोच घेईन.

कारण डिस्क किती भरली यापेक्षा ती किती दिवस टिकणार हे महत्त्वाचं. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यांतले) चारच आकडे धरा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले. १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. आणि १९९ म्हणजे सीआरसी एरर, डेटा ये-जा करतानाच्या चुका. १९७ शून्यावरून हलला की त्याच दिवशी बॅकअप तपासा. १९९ वाढतोय पण बाकीचे तीन शून्य आहेत, तर डिस्कला दोष देऊ नका. बहुधा डिस्क आणि केसमधली जोडणी सैल झालेली असते.

यूएसबी केसमधली डिस्क हे आकडे वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडला लगेच ओळखू येत नाही. डिव्हाइस टाइप ‘सॅट’ असा सांगावा लागतो. आणि स्टँडबायचा पर्याय द्या, म्हणजे डिस्क झोपलेली असेल तर तो तिला उठवणार नाही. नाहीतर दर मिनिटाला उठवून तुम्हीच तिचं आयुष्य कमी कराल. तासातून एकदा वाचलं तरी पुष्कळ झालं.

हे आकडे नोड एक्स्पोर्टरच्या टेक्स्टफाइल कलेक्टरमधून (एका फोल्डरातल्या फाइलींतले आकडे वाचणारा भाग) द्या. स्क्रिप्टने फाइल थेट त्या फोल्डरात लिहायची नाही. आधी दुसऱ्या नावाने लिहा, पूर्ण झाली की एमव्ही कमांडने नाव बदला. नाहीतर एखाद्या वेळी अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाते आणि ग्राफमध्ये खड्डा पडतो. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटीही अशीच एक ओळ: काम यशस्वी झाल्याची वेळ. त्या वेळेला ९३,६०० सेकंद, म्हणजे २६ तास उलटले की अलर्ट. रोजच्या बॅकअपला दोन तासांची सूट पुरते.

जाता जाता, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) डिस्कचा पाच टक्के भाग रूटसाठी राखीव ठेवतो. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात! नुसत्या फोटो-सिनेमांच्या डिस्कवर ट्यून२एफएसने तो एक टक्का करून टाका.

माळ्यावरचा_डबा

दोघांचेही आभार. प्रोमेथियसच घेतला. त्याच्या टार्गेट्सच्या पानावर (आकडे कुठून घेतो त्यांची यादी) सगळं हिरवं आहे. १८६० इम्पोर्ट केला तर मेमरी आणि डिस्क दिसतायत, पण सीपीयू आणि नेटवर्कच्या पॅनेलवर ‘नो डेटा’. स्क्रेप इंटरव्हल, म्हणजे आकडे किती वेळाने वाचायचे ते अंतर, मी १ मिनिट ठेवला आहे, डिस्कची झीज कमी म्हणून. ग्राफाना दोनदा पुन्हा टाकून झाला.

स्लो_लोकल

ग्राफानाला हात लावायच्या आधी टार्गेट्सचं पान बघितलंत ते बरं केलंत. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! पण तुमच्या आडात पाणी आहे, पोहराच लहान पडतोय.

मेमरी आणि डिस्क हे त्या क्षणाचे आकडे असतात, एक नमुना मिळाला तरी दिसतात. सीपीयू आणि नेटवर्क हे सतत वाढत जाणारे काउंटर. त्यांचा वेग काढायला ‘रेट’ला खिडकीत किमान दोन नमुने लागतात. ग्राफानाला तुम्ही काही सांगितलेलं नाही, म्हणून तो १५ सेकंदांचं अंतर गृहीत धरतो आणि त्याच्या चौपट, म्हणजे एक मिनिटाची खिडकी उघडतो. तुमच्याकडे एका मिनिटात एकच नमुना येतो. ग्राफानात डेटा सोर्सच्या सेटिंगमध्ये स्क्रेप इंटरव्हल ६० सेकंद लिहा, सेव्ह करा, पॅनेल भरतील. किंवा दोन्हीकडे ३० करा. एनव्हीएमईला तेवढ्याने काही होत नाही, ती चिंता एसडी कार्डवाल्यांनी करावी.

टेलिग्रामचं आताच सांगून ठेवतो: अलर्टमॅनेजरमध्ये चॅट आयडी अवतरणचिन्हांशिवाय, नुसता आकडा लिहायचा. ग्रुपचा आयडी उणे असतो, ते उणे चिन्ह गाळू नका.

अलर्ट मोजकेच ठेवा. सीपीयू १०० टक्के झाला म्हणून अलर्ट लावू नका. इमिचमध्ये गणपतीचे फोटो एकदम चढवले की चेहरे ओळखण्यात तो तासन्‌तास १०० वरच असतो, आणि ते त्याचं कामच आहे. लांडगा आला रे आला झालं की आठवडाभरात तुम्हीच तो ग्रुप म्यूट कराल. डिस्कवर १० टक्क्यांहून कमी जागा अर्धा तास राहिली, प्रोसेसर १० मिनिटं ८५ अंशांवर, हार्ड डिस्क ५० च्या वर, टार्गेट ५ मिनिटं गायब, आणि वर सांगितलेले स्मार्ट व बॅकअप. बस्स.

माळ्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये छताखाली गरम हवा साचते, आणि पावसाळ्यात दमट धुळीचा चिकट थर पंख्यावर बसतो. तापमानाचा एकच आकडा बघून काही कळत नाही. मशीन निवांत असताना, पहाटे ४ ते ५ चं सरासरी तापमान महिन्यामागून महिना बघा. ते हवामान न बदलता चढत गेलं तर ब्रश घेऊन माळ्यावर चढायची वेळ झाली.

फेज_गेला

लाइटबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

यूपीएसला डेटा पोर्ट नसेल तर नटचा (यूपीएसशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा) उपयोग नाही. पण बिनखर्ची युक्ती आहे. यूपीएसवर नसलेल्या, थेट भिंतीतल्या सॉकेटवर एक वायफाय स्मार्ट प्लग किंवा जुन्या चार्जरवर ईएसपी८२६६ चा छोटा वायफाय बोर्ड लावा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी कायमचा बांधून टाका. सर्व्हरने दर १० सेकंदांनी दोघांना पिंग करायचं: राउटर आणि प्लग. राउटर उत्तर देतो, प्लग देत नाही, आणि हे सलग ३ मिनिटं चाललं तर लाइट गेली. दोघेही गप्प असतील तर राउटर किंवा केबलचा घोटाळा आहे, काहीही करू नका. सर्व्हर राउटरला वायरनेच जोडलेला हवा. वायफाय दोन-पाच सेकंद डळमळतं, म्हणून ३ मिनिटांपेक्षा घाई नको.

यात एक मेख आहे. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ हा पर्याय लावला की काम झालं असं वाटतं. पण समजा सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत लाइट आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे तो उठत नाही. तुम्ही गावी असलात तर परत येईपर्यंत बंद. उपाय: साध्या शटडाउनऐवजी आरटीसीवेक (मशीन बंद करून ठरल्या वेळी उठवणारी कमांड) ‘ऑफ’ मोडमध्ये, १,८०० सेकंद देऊन चालवा. अर्ध्या तासाने मशीन स्वतः उठेल, प्लग अजून मेलेला दिसला तर पुन्हा झोपेल. काही मदरबोर्ड पूर्ण बंद अवस्थेतून उठत नाहीत, म्हणून आधी १२० सेकंद देऊन समोर बसून तपासा.

दुसरं, अलर्टमॅनेजर त्याच डब्यात आहे. डबा मेला तर बातमी कोण देणार? शिवाय केबलवाल्याचा स्विच जिन्यातल्या पेटीत असतो. त्याला बॅकअप नसेल तर बिल्डिंगची लाइट जाताच नेटही जातं. तुमचा यूपीएस जिवंत असून टेलिग्रामचा मेसेज घराबाहेर पडत नाही. म्हणून उलटं करा. हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या बाहेरच्या सेवेला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर ५ मिनिटांनी हाक मारायची, १० मिनिटांची सवलत ठेवायची. हाक आली नाही की तिकडून मेसेज. तो अलर्टही आला आणि घरच्या कॅमेऱ्याचं अॅपही ऑफलाइन दिसलं तर शेजाऱ्यांना फोन करून लाइट आहे का विचारा. कॅमेरा चालू असेल तर गडबड डब्यातच आहे.

यूपीएस मात्र माळ्यावरून खाली आणा. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. डब्याला माळा चालतो, बॅटरीला नाही.

माळ्यावरचा_डबा

६० सेकंद लिहिल्याबरोबर सीपीयू दिसला. आरटीसीवेक १२० वर तपासला, मशीन उठतं. यूपीएस टीव्हीच्या कपाटात आणला, वायर दीड मीटर कमी पडतेय.

फेज_गेला

एक्स्टेंशन यूपीएसच्या पुढे, म्हणजे त्याच्या आउटपुटला लावा, आणि त्यात फक्त डबा आणि राउटर. त्या बोर्डात कोणी इस्त्री घातली तर ६०० व्हीए दोन सेकंदही टिकणार नाही. बोर्डावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा.