टेस आणि रेडिएशन दोन्ही सांगितलं की लगेच "बिल फुगवतात"?

पेठकरी: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, "लिव्हरचा कॅन्सर पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) शिरला की टेस आणि रेडिएशन दोन्ही करायला लावतात, निव्वळ पैसे काढायला." डोक्यात गेलं म्हणून लिहितोय. ट्यूमरला रक्त मुख्यतः हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून मिळतं. तिच्या फांद्यांत औषध सोडून त्या बंद करायच्या, ते टेस. शिरेतल्या गाठीवर त्याचा पुरेसा जोर चालत नाही, तिथे रेडिएशन. दक्षिण कोरियात सोलला झालेल्या, २०१८ला छापून आलेल्या ट्रायलमध्ये १२ आठवड्यांनी आजार न वाढलेले पेशंट दोन्ही उपचारांत ८६.७ टक्के, नुसत्या सोराफेनिबवर (कॅन्सरची गोळी) ३४.३.

कोथरूडकर७१: पेशंट किती? ९०! सगळे चाइल्ड-प्यू ए, म्हणजे लिव्हर अजून नीट काम करणारे. आपल्याकडे माणूस पोटात पाणी भरल्यावर दवाखान्याची पायरी चढतो. आणि जगले किती ते का गाळलंत? ५५ आठवडे विरुद्ध ४३. त्यात २०२० पासून अटेझो-बेव्हा (अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या औषधांची जोडी) आहे, त्याच्यासमोर लावून दाखवा.

पेठकरी: अटेझो-बेव्हाचा भाव विचारलात कधी? अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असल्या तर रक्तस्रावाची भीती, ती वेगळीच. आणि १२ आठवडे तुम्हाला किरकोळ वाटतात, ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा.

सिंहगडरोडची_सून: आमच्याकडे होता. सासऱ्यांना टेसनंतर ताप आणि उजव्या बरगडीखाली असं दुखलं की पाणीही नको म्हणायचे. असं होतं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याहून वाईट म्हणजे भेटायला येणारा प्रत्येकजण. सफरचंदं टेबलावर ठेवायची आणि मला स्वयंपाकघरात गाठून हळूच, "घेत होते का हो?"

तर्कट: राग मानू नका, पण लिव्हर म्हटलं की लोक विचारणारच.

सिंहगडरोडची_सून: मानणार! आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनी. हिपॅटायटिस बी होता.

कोथरूडकर७१: माझ्या भावाला फॅटी लिव्हर आणि शुगर. त्यालाही हेच विचारतात.

तर्कट: बरं बाबा, सगळे निर्व्यसनी. दारूची दुकानं देवदर्शनाला उघडी असतात.

सिंहगडरोडची_सून: तुमच्या घरात बीची तपासणी कुणी केलीय? लस? तेवढं सांगा, मग टोमणे मारा.

तर्कट: ...नाही केली. करतो.

पेठकरी: मूळ मुद्दा राहिला बाजूला.

कोथरूडकर७१: राहू दे. लिव्हर धडधाकट असेल, आजार बाहेर पसरला नसेल तर करा तुमचं दोन्ही. पण टेसवाला आणि रेडिएशनवाला डॉक्टर एका टेबलावर बसून बोललेत, हे नातेवाइकांना दिसू दे. आम्हाला दोन मजल्यांवर दोन वेगळी मतं मिळाली होती, फाइल घेऊन लिफ्टने आम्हीच वर-खाली.