तरुण मुलांसोबत काम करणाऱ्यांनी लैंगिक हिंसेबद्दल नेमकं काय करायचं?

मैदानावरची:
नमस्कार, मी १३ ते १७ वयाच्या मुलामुलींच्या युवा केंद्रात काम करते. खेळ, नाटक, सुट्टीतले मुक्कामी कॅम्प असं सगळं असतं. मी शिक्षिका नाही, समुपदेशकही नाही, या विषयाचं ट्रेनिंग असं कधी मिळालेलं नाही. परवा सराव संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली आणि म्हणाली "ताई, एक सांगितलं तर कुणाला सांगणार नाही ना?" मी काही बोलायच्या आत बाकीच्या आल्या आणि तिने विषय बदलला. कदाचित मैत्रिणीशी भांडण असेल, दुसरंच काही असेल, पण हल्ली ती गप्प गप्प असते आणि कॅम्पला येणार नाही म्हणते, जी आधी सगळ्यात पुढे असायची. ती परत आली तर मी काय बोलू? की मीच विचारू? आणि मुळात असं काही होऊ नये म्हणून आमच्यासारख्यांच्या हातात काय असतं, म्हणजे कोच, वॉर्डन, क्लासवाले, ग्रंथपाल वगैरे? आमच्याकडे लेखी नियम काहीच नाहीत. नुसतं "पोलिसात जा" एवढंच सांगू नका प्लीज.

समुपदेशक_म:
ताई, आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तोच सगळ्यात अवघड आहे. "नाही गं, कुणाला नाही सांगणार" असं वचन अजिबात देऊ नका. अल्पवयीन मुलांबाबत बऱ्याच देशांत कळवणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि कायदा नसला तरी ती सुरक्षित नसेल तर तुम्ही एकट्या काही करू शकणार नाही. मग वचन मोडायची वेळ येते आणि तिचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. त्याऐवजी असं काहीतरी म्हणा, "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एकदोन माणसांची मदत घ्यावी लागेल, आणि ती कुणाची घेतेय ते आधी तुला सांगेन." हे ऐकून ती त्या दिवशी गप्प बसली तरी चालेल, निदान काय होणार हे कळून तिने ठरवलेलं असेल.

ती बोलायला लागली की आपलं काम ऐकायचं. चेहरा शांत ठेवा, कारण आपण हादरलो किंवा चिडलो की मुलांना वाटतं आपल्यामुळेच ताईंना त्रास झाला, आणि ती तिथेच थांबतात. "मग काय झालं?", "अजून काही सांगायचंय?" एवढंच विचारा. "का गेलीस तिथे", "ओरडली का नाहीस", "आधी का नाही सांगितलंस" हे प्रश्न मनातसुद्धा आणू नका. हल्ल्याच्या वेळी शरीर गोठून जाणं, हात न हलणं, आवाज न फुटणं ही भीतीची शारीरिक प्रतिक्रिया आहे, ती संमती नसते, हे तिला सांगितलं तरी खूप मोठं ओझं उतरतं. आणि तीन वाक्यं नक्की बोला: सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही.

आणि हे नीट लक्षात घ्या, आपण तपास करायचा नाही. नाव काढून घेणं, तारखा जुळवणं, "त्याने इथे हात लावला का" असं आपणच सुचवणं, यामुळे पुढे तिची साक्ष कमकुवत होते आणि तिला तेच तेच पुन्हा सांगावं लागतं. तिच्या सुरक्षेसाठी लागतं तेवढंच विचारायचं: आज घरी जायला भीती वाटते का, तो माणूस पुन्हा भेटणार आहे का. ती गेल्यावर लगेच तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख वेळ टाका, स्वतःचे अंदाज त्यात घालू नका. ज्याचं नाव आलं त्याला जाऊन जाब विचारायचा नाही, कितीही संताप आला तरी, कारण सावध झालेला माणूस पुरावे नष्ट करतो किंवा तिलाच धमकावतो. पालकांना सांगायच्या आधीसुद्धा त्रास देणारा घरातलाच तर नाही ना हा विचार करा.

अजून एक, मुलं सगळं एका दमात सांगत नाहीत. आधी थोडं सांगून बघतात, कधी "मैत्रिणीबद्दल" म्हणून सांगतात, नंतर "मी खोटं बोलले" म्हणून मागेही घेतात. रोलंड समिट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की उशिरा सांगणं आणि सांगून मागे फिरणं हे अशा मुलांमध्ये नेहमी दिसतं. त्यामुळे मागे घेतलं म्हणजे खोटं होतं असं धरून फाईल बंद करू नका.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, फक्त वैद्यकीय भाग सांगते कारण यात तास महत्त्वाचे असतात आणि मोठ्या माणसांना ते माहीतच नसतात. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं. गर्भधारणा टाळायची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत देतात, पण तीही लवकर घेतली तर जास्त उपयोगी. हेपॅटायटिस बीची लस, इतर लैंगिक संसर्गांवरचे उपचार, जखमा हे सगळं वेगळं. म्हणून घटना नुकतीच घडलेली असेल तर "सोमवारी मीटिंगमध्ये बोलू" असं करू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

पुरावा जपायचा असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता आलेलं बरं, कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल राहून खराब होतात. पण अंघोळ करून आली असेल तर एका शब्दाने बोलू नका, उपचार तरीही होतातच. चार महिन्यांनी कळलं तरी डॉक्टरकडे न्या. तपासणीतल्या कुठल्याही पायरीला ती नाही म्हणू शकते, हे तिला आधीच माहीत असू द्या. कुणी "कौमार्य तपासणी"चं नाव काढलं तर ठामपणे नकार द्या, त्याला शास्त्रीय आधार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती बंद करा असं जाहीर आवाहन केलंय.

शिट्टीवाला:
मी कोच आहे, मी "होऊ नये म्हणून काय" त्यावर बोलतो कारण सगळे घडल्यानंतरचंच बोलतात. आपण मुलांना शिकवतो की सावध राहा, अनोळखी माणसाशी बोलू नका, पण त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, बऱ्याचदा सगळ्यांचा लाडका, मदतीला तत्पर, पालकांशी गोड बोलणारा. अमेरिकेत उपचाराच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण करणारा जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर, त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत २०१८ मध्ये दीडशेच्या वर मुली आणि बायका त्याच्याविरुद्ध बोलायला उभ्या राहिल्या. त्यातल्या काहींनी १९९० च्या दशकातच मोठ्यांना सांगितलं होतं! कोचला सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. काही वेळा तर आईवडील त्याच खोलीत होते आणि तो मध्ये उभा राहून त्यांना दिसू देत नव्हता. त्यामुळे "आमच्याकडे सगळे चांगले लोक आहेत" हा काही सुरक्षेचा नियम होऊ शकत नाही.

नियम लेखी करा आणि ते मुलांना, पालकांना, स्टाफला सगळ्यांना वाचून दाखवा. एका मोठ्याने एका मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, बोलायचं तर दार उघडं किंवा बाहेरून दिसेल अशा जागी. मुलांशी खासगी चॅट नाही, मेसेज ग्रुपवर किंवा पालकांना कॉपी. गाडीतून एकट्याला सोडायचं नाही. कॅम्पमध्ये मोठे आणि मुलं एका खोलीत झोपणार नाहीत, कपडे बदलायच्या जागी मोबाईल बंद. खेळ शिकवताना हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर दुसऱ्या पद्धतीने दाखवायचं. हे असलं की कुणी नियम मोडला तर "तुमच्यावर संशय आहे" असं म्हणावं लागत नाही, नियम मोडलात एवढंच बोलायचं. आणि तक्रार कुणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं भिंतीवर लावा, एकच नको, कारण तक्रार त्या एकाविरुद्धच असली तर?

निळी_वही:
वरचं सगळं पटलं पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे मुलगे. युनिसेफने २०२४ मध्ये जागतिक अंदाज दिले, दर ८ मुली आणि बायकांमागे एकीवर १८ वर्षांच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला, आणि मुलगे आणि पुरुषांमध्ये साधारण ११ मध्ये एक. म्हणजे तुमच्या संघात बसलेले मुलगेही यात आहेत आणि त्यांना "मर्द हो" म्हणणाऱ्या माणसाला ते कधीच काही सांगणार नाहीत. अपंग मुलं, समलिंगी किंवा ट्रान्स मुलं यांना तर सांगायला अजूनच कमी जागा असतात.

दुसरं, मोबाईल. फोटो मागवून मग पैशांसाठी धमकावणं हल्ली खूप चाललंय, त्यात किशोरवयीन मुलगे बरेच सापडतात आणि शरमेने जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जातात. असं कुणी सांगितलं तर: पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही, अकाउंटचं नाव जपून ठेवायचं आणि रिपोर्ट करायचं. १८ च्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. आणि आपण मोठ्यांनी तो फोटो "पुरावा" म्हणून स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही, पुढे पाठवायचा तर अजिबातच नाही, तो स्वतःच गुन्हा ठरू शकतो.

मैदानावरची:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, लिहून घेतलं सगळं. दोन प्रश्न. मी आपणहून तिला विचारणं बरोबर आहे का? आणि मुलांशी संमतीबद्दल बोलायला एखादं व्याख्यान ठेवलं तर?

समुपदेशक_म:
विचारा ना, पण दार उघडून ठेवण्याइतकंच. बाकी कुणी ऐकणार नाही अशी पण बाहेरून दिसेल अशी जागा बघा आणि म्हणा, "त्या दिवशी तुला काही सांगायचं होतं, मग मुली आल्या. आणि कॅम्पचंही तू नको म्हणालीस म्हणून मनात आलं. मला ऐकायला वेळ आहे, आज नाही तर नंतर." तिने "काही नाही" म्हटलं तर खोदू नका, पण माझ्याशी नाही तर अजून कुणाशी बोलता येईल ते सांगा, हेल्पलाइनचा नंबर सगळ्या गटालाच द्या म्हणजे तिच्यावर बोट जाणार नाही. तिचं कॅम्पला नको म्हणणं मात्र गांभीर्याने घ्या, कॅम्पला कोण कोण मोठे असतात ते बघा आणि केंद्रात जे जबाबदार असतील त्यांच्याशी आजच बोला, फक्त जे दिसलं तेवढं सांगून.

शिट्टीवाला:
एका व्याख्यानाने काही होत नाही, मुलं ऐकतात आणि विसरतात. बरेच आठवडे चालणारं, करून बघायला लावणारं काहीतरी हवं. तुमच्याकडे नाटक आहे म्हणून सांगतो, अमेरिकेत 'सेफ डेट्स' नावाचा १० सत्रांचा कार्यक्रम आहे ज्यात मुलं नाटकही करतात, आणि त्याचा परिणाम चार वर्षांनंतरही दिसला होता. आमच्या टीममध्ये आम्ही प्रसंग देतो: मित्र मुलीबद्दल घाण बोलतोय, पार्टीत कुणी नशेत असलेल्या मुलीला बाहेर नेतंय, आता तू काय करशील? विषय बदलायचा, तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं, कुणाला तरी बोलवायचं, दुसऱ्या दिवशी मित्राशी बोलायचं. हे चारही तोंडाने म्हणून आणि उभं राहून करून बघितलं की खऱ्या वेळी सुचतं. आणि संघातल्याच मुलाने दुसऱ्याला त्रास दिला असं कळलं तर दोघांची बॅच त्याच दिवशी वेगळी करा, पण जिला त्रास झाला तिला घरी बसवू नका, बदल त्याने करायचा.