जोडीदारासाठी पहिली हँडगन: हातात काय बसतं, काय बिघडतं (अनुभव धागा)

धागाकर्ता
या विषयावर कानावर येणारा सल्ला बहुतेक एका वाक्यात संपतो: 'बायकोला ना, छोटंसं घे.' म्हणून हा धागा. ज्यांनी परवान्याचं शस्त्र वापरलंय, रेंजवर शिकवलंय किंवा शस्त्रं दुरुस्त केली आहेत त्यांनी लिहावं. शौर्यकथा नकोत. वजन, मापं, काय अडकतं आणि का, एवढंच. अमेरिकेतल्यांनी आणि भारतातल्यांनी आपला देश आधी सांगावा, नाहीतर कायद्यांची खिचडी होईल.

ह्यूस्टनकर
अमेरिका. 'छोटं घे' हा सल्लाच उलटा आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का जोरात. रुगर एलसीपी हे खिशात मावणारं पिस्तूल रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातलं .३८० चं (हा काडतुसाच्या मापाचा आकडा) काडतूस तसं सौम्य, पण दहा फैरींत अंगठ्याचं बेचकं दुखायला लागतं, करंगळीला मुठीवर जागाच नसते आणि पुढची-मागची साइट (नेम धरायची खूण) इतकी जवळ की नेमातली बारीक चूक दिसतच नाही. लपवून बाळगायला ते चांगलं, शिकायला नाही. ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचं पिस्तूल रिकाम्या मॅगझिनसकट (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) साधारण ६७० ग्रॅम, काडतूस ९ मिमीचं, म्हणजे जास्त ताकदीचं, तरी नवशिक्या हाताला तेच सोपं जातं.

मूठ मापायची रीत: पिस्तूल रिकामं आहे हे दोघांनी तपासायचं. मग नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल असं धरायचं. या पकडीत पहिल्या बोटाच्या पेराची गादी चापावर सहज टेकली पाहिजे. त्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल तर ती मोठी आहे. बऱ्याच पिस्तुलांना मुठीची मागची पट्टी बदलता येते, दुकानात सगळ्या मापांच्या पट्ट्या लावून बघा.

रेंजवरचा मास्तर
हेही अमेरिकेतलंच. 'तिला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढता येत नाही' हे ऐकलं की बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. चिमटीत धरून खेचलं तर पैलवानालाही जड जाईल. पिस्तूल छातीजवळ आणायचं, डाव्या हाताचा अख्खा तळवा स्लाइडवर पालथा टाकून घट्ट धरायचं आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. मागे गेलेली स्लाइड झटकन सोडायची. हाताने सावकाश पुढे आणली की काडतूस नीट बसत नाही. आणि हे करताना उजव्या हाताच्या माणसाची नळी हमखास डावीकडे, शेजारच्या लेनकडे वळते. नळी समोर ठेवून स्वतः उजवीकडे वळून उभं राहायचं.

तरीही जमत नसेल, किंवा बोटांना संधिवात असेल, तर स्मिथ अँड वेसनचं .३८० शील्ड ईझी बघा. साधारण सव्वापाचशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये ८ काडतुसं, मॅगझिन भरताना स्प्रिंग खाली दाबायला बाजूला बटण. एक खोट: मुठीच्या मागे सेफ्टी आहे, पकड वर सरकली किंवा ढिली झाली तर ती पूर्ण दाबली जात नाही आणि चाप ओढूनही बार होत नाही. याचाच ९ मिमीचा भाऊ जुना घेणार असाल तर मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेले नग घोडा (काडतुसावर आघात घडवणारा भाग) बदलण्यासाठी कंपनीने परत बोलावले होते. नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका.

जुनाट पिस्तुलप्रेमी
मास्तरांना पुस्ती. वॉल्थर पीपीकेही .३८० मध्ये येतं, पण त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. काडतुसाचा सगळा जोर फक्त स्प्रिंग आणि स्लाइडच्या वजनाने थोपवायचा, म्हणून स्प्रिंग कडक आणि झटका तोडून टाकणारा. ईझीत नळी क्षणभर अडकून मग सुटते, त्यामुळे स्प्रिंग हलकी चालते. नुसतं '.३८० सौम्य असतं' म्हणून भागत नाही.

ग्रीनकार्डवाली
मॉडेल निवडायच्या आधी कागद बघा. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) अशा व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. रेंजवर भाड्याची घेऊन झाडणंही त्यातच आलं. वैध शिकारीचा परवाना हा ठळक अपवाद. नवऱ्याचं ग्रीनकार्ड आलं आणि बायको अजून एच-४ वर, अशा घरात तिच्या हाताला लागेल असं शस्त्र ठेवू नका, किल्ली आणि कोड फक्त त्याच्याकडे. दोघं ग्रीनकार्डवर असाल तर तिने स्वतः दुकानात जाऊन ४४७३ क्रमांकाचा (खरेदीच्या वेळचा संघराज्याचा) फॉर्म भरावा. खरी भेट म्हणून नवऱ्याने घेतलेली चालते, पण तिचे पैसे घेऊन त्याच्या नावाने घेणं हा गुन्हा. आणि नागरिक नसलेल्याला शस्त्राचा गुन्हा थेट देशाबाहेर काढू शकतो. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा चालत असला तरी तिथे संघराज्याचा कायदा धरतात.

ह्यूस्टनकर
+१. राज्यागणिक फरक बघाच. कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावं लागतं, न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीचं परमिट.

घोडा आणि चाप
'रिव्हॉल्वर कधी अडकत नाही, म्हणून बाईमाणसाला रिव्हॉल्वर' याबद्दल. उदाहरणादाखल स्मिथ अँड वेसन ६४२ हे रिव्हॉल्वर बघा: चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, ५ फैरी, आणि चापाचा ओढा पाच किलोच्या वर. इतक्या हलक्या वस्तूवर पाच किलो ओढायचे म्हणजे बार व्हायच्या आत नळी खाली किंवा बाजूला जाते. तीन मीटरवरही ताटाएवढ्या कागदाबाहेर गोळ्या दिसतील. आणि अडकतं तेही. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी) काढणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली न जळलेल्या दारूचे चार कण गेले की सिलिंडर फिरेना, म्हणून पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे. पुंगळ्या ढकलणारा दांडा सैल झाला की सिलिंडर उघडेना. अति हलक्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याने शिल्लक काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडवते. पिस्तुलातला साधा अडथळा थोड्या सरावाने पटकन सोडवता येतो. हे प्रकार टेबलावर बसून सोडवावे लागतात.

परवानाधारक, पुणे
भारत. इथे परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. नवऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र तो गावाला गेल्यावर बायकोने पर्समध्ये टाकलं तर ते विनापरवानाच. तिचा अर्ज स्वतंत्र. वय किमान २१, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्याची मुदत ५ वर्षं आणि माणशी जास्तीत जास्त २ शस्त्रं. ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला परवाना न मिळणारं नळीचं माप) येतं, त्यामुळे ग्लॉक-सिगची चर्चा इथे नुसती वाचायला. खरी निवड .३२ मधली.

कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं ते बायकांसाठी म्हणून. सुमारे ५०० ग्रॅम, ६ फैरी, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांवर. पुन्हा तेच: हलकं म्हणजे सोपं, ही समजूत. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅमचं, नळी ७६ मिमी, सिलिंडर बाजूला उघडतं आणि चापही तुलनेने हलका. दोन्ही शस्त्रं हातात घेऊन बघता आली तर तिला बघू द्या, मी तरी 'प्रबळ' घेईन.

भाड्याने झाडून बघायची सोय इथे सहसा नसते, म्हणून दुकानदाराला विचारून रिकाम्या शस्त्रावर एवढं करा. घोडा अगदी सावकाश मागे घ्या: घोडा अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर 'टक' करून बसलं पाहिजे, सहाही घरांना. घोडा चढवलेला असताना सिलिंडर हलवून बघा, जाणवेल इतकं हलायला नको. मग एकाच हाताने, घोडा न चढवता, तिला सलग सहा वेळा चाप ओढू द्या. चौथ्या वेळी दुसरं बोट मदतीला येत असेल तर ते शस्त्र तिचं नाही.

खडकीचा शेजारी
.३२ म्हणजे एकच काडतूस नव्हे! रिव्हॉल्वरचं ७.६५ × २३ मिमी, बुडाला ठसठशीत कड. पिस्तुलाचं ७.६५ × १७, कड जेमतेम. एकातलं दुसऱ्यात चालवायचं नाही. पिस्तुलाच्या काडतुसाला ती थोडीशी कड असते म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यायला हवी. मागे राहिली तर दोन कडा एकमेकींत अडकतात आणि दुसरीच फैर वर येत नाही. बुडावर 'केएफ' ठसा असतो तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा.

रेंजवरचा मास्तर
विश्वासार्हता कशी तपासायची, हे राहिलं. सरावाच्या २०० आणि घरी ठेवणार त्याच जातीच्या ५० फैरी, तिच्याच हातून, एकही अडथळा न येता. नवऱ्याच्या हातात उत्तम चालणारं पिस्तूल तिच्या हातात अडकतं, कारण मनगट ढिलं पडलं की सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार उरत नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. मग मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाइड ओढून सोडायची. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, धक्क्याने दचकून दुसरा बार होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि नवऱ्याने शिकवू नये, त्याने बाहेर बसून चहा घ्यावा.

नेमबाज ताई
गळाबंद टीशर्ट. गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस पिस्तुलासकट गर्रकन वळतो, तोच धोका. मंगळसूत्र आत किंवा काढून, ओढणी आणि बांगड्या नकोत. बंद रेंजवर कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना रेंज टाळा, शिशाची धूळ असते. इतरांनीही हात थंड पाण्याने, साबण लावून धुवावेत आणि ते कपडे वेगळे भिजवावेत. कोणत्या डोळ्याने नेम धरते तेही आधी बघा, उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची माणसं बरीच असतात.

धागाकर्ता
पर्समध्ये ठेवण्याबद्दल कोणी लिहील का?

नेमबाज ताई
पर्स नको. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला अडकते, पोर हात घालतं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हातून आईचा जीव गेला तो असाच. घरात भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी, कोड ज्याच्या नावावर शस्त्र आहे त्याच्याकडे.

कोकणातला
आमच्याकडे शत्रू म्हणजे दमट हवा. चामड्याच्या म्यानात घालून तिजोरीत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि तिथेच गंज चढतो. सिलिका जेल महिन्याला तापवून परत ठेवा. तेल दोन थेंब, पुसून. जास्त झालं की काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि बार फुसका जातो. हिरवट डाग पडलेली काडतुसं बाजूला काढून विक्रेत्याला दाखवा. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करायची नोटीस आली तर देण्याआधी नळी आतून तेलाच्या फडक्याने पुसा, नंबर टाकलेली पावती घ्या. परत आल्यावर आधी नळीत उजेड धरून बघा, मग भरा.