शिक्षणाची रचना आणि राष्ट्राचं बळ

प्रश्न: शाळा वाढल्या की देश बलवान, हे फार ढोबळ झालं. रचनेतला नेमका कोणता भाग फरक पाडतो?

उत्तर १: आधी पाया, आणि त्याचा खर्च कोण उचलतो ते. जपानने १८७२ मध्ये सर्वांसाठी प्राथमिक शिक्षण जाहीर केलं, पण फी पालकांवर टाकली. लोक चिडले, काही ठिकाणी शाळाही जाळल्या. १९०० मध्ये फी तत्त्वतः रद्द केल्यावर हजेरी भराभर वाढली. लेखी हुकूम वाचणारा सैनिक आणि सूचना वाचणारा कामगार तिथूनच येतो.

उत्तर २: पाया पुरत नाही हो. विल्यम पर्किन या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने १८५६ मध्ये पहिला गाजलेला कृत्रिम रंग इंग्लंडमध्ये शोधला, धंदा मात्र जर्मनीने नेला. का? तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थी प्रयोगशाळेतच घडायचे, त्यामुळे कारखान्यांना तयार रसायनतज्ज्ञ मिळाले.

उत्तर ३: मधला थर विसरलात, म्हणजे शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधलं व्यवसाय-शिक्षण! जर्मन पद्धतीत शिकाऊ उमेदवार आठवड्याला एक-दोन दिवस शाळेत, बाकी दिवस पगारी कामावर. मुदत साधारण २ ते ३.५ वर्षं. नुसता अभ्यासक्रम उचलून हे जमत नाही. जागा देणाऱ्या कंपन्या आणि परीक्षा घेणारी उद्योगमंडळं नसतील, तर उरतं फक्त प्रमाणपत्र.

उत्तर २: मान्य. पण तिथे बऱ्याच राज्यांत दहाव्या वर्षीच मुलांची विद्यापीठाकडे नेणाऱ्या आणि इतर शाळांत वाटणी होते, त्यात हुशार गरीब मुलं गळतात.