सैल पँट मला खरोखर आवडू लागली, की मी सर्वांच्या मागे गेले?

प्रश्न

काही वर्षांपूर्वी रुंद मोहरीच्या पँटी पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा त्या मला बेढब वाटल्या होत्या आणि तसे मी मैत्रिणींना बोलूनही दाखवले होते. आज माझ्या कपाटात तशाच चार पँटी आहेत. परवा जुनी, घोट्याशी घट्ट बसणारी पँट घालून आरशासमोर उभी राहिले, तर कापड आणि शिलाई उत्तम असूनही ती दुसऱ्याच कुणाची असावी असे वाटले. मला कोणी नावे ठेवली नाहीत, कोणी हसले नाही. मग ही माझी निवड म्हणावी, की समूहाच्या दबावाला दिलेला होकार?

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नात दोन गोष्टींची गुंतागुंत झाली आहे. मॉर्टन डॉइच आणि हॅरोल्ड जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये समूहाच्या प्रभावाचे दोन प्रकार वेगळे केले: लोकांनी आपल्याला दूर लोटू नये म्हणून त्यांच्यासारखे वागणे हा एक, आणि योग्य काय हे ठरवताना इतरांचे वागणे हाच पुरावा मानणे हा दुसरा. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत कोणत्या रेषा सारख्या लांबीच्या आहेत हे सांगायचे होते आणि ते डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, तरीही ठरवून चुकीचे उत्तर देणाऱ्यांच्या गटात बसवलेल्या सहभागींनी सुमारे एकतृतीयांश वेळा त्याच चुकीच्या उत्तराची री ओढली. तेथे निदान पट्टी लावून खरे-खोटे करता आले असते. मोहरी किती रुंद असावी याला मात्र अशी पट्टीच नाही. म्हणूनच कपड्यांच्या बाबतीत दुसरा प्रकार अधिक खोलवर काम करतो, असे मला वाटते, आणि त्यासाठी कोणी हसण्याची गरज पडत नाही.

प्रतिसाद २

मला येथे ‘दबाव’ हा शब्दच पुरेसा वाटत नाही. एखादी गोष्ट केवळ वारंवार नजरेस पडल्यामुळे आवडू लागते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. एखाद्या जुन्या छायाचित्रातील आपल्याच शर्टाची लांब टोकांची कॉलर पाहा: तेव्हा ती नजरेत भरतही नव्हती, आज चेहऱ्याच्या आधी तीच दिसते. कॉलर तीच आहे, सवय बदलली आहे. अशा बदललेल्या नजरेने केलेली निवड खोटी ठरत नाही. भाषा आणि चवही आपण इतरांकडूनच घेतो, आणि तरीही त्यांना आपली म्हणतो.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसाद मान्य आहे, पण त्यातून भीती अगदीच वगळली गेली आहे. अनेक जण नवी फॅशन आवडते म्हणून नव्हे, तर जुन्या कपड्यात आपण उठून दिसू या धास्तीने स्वीकारतात. ही धास्ती बहुधा अतिरंजित असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एकचतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले. ॲश यांच्या प्रयोगातही एक जरी साथीदार खरे उत्तर देऊ लागला, तरी गटापुढे मान तुकवण्याचे प्रमाण झपाट्याने घसरले. तेव्हा आपली जुनी पँट एकदा बाहेर घालून जा, शक्यतो अशीच पँट जपून ठेवलेल्या मैत्रिणीबरोबर.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मैत्रीण मिळाली नाही, म्हणून काल एकटीच ती पँट घालून कामावर गेले. दुपारपर्यंत मी कितीतरी वेळा खाली घोट्याकडे पाहिले. बाकी कोणी पाहिल्याचे मला तरी जाणवले नाही. भीतीचा भाग त्यामुळे बराच निवळला, पण पँट डोळ्यांना अजूनही परकीच वाटते, म्हणजे दुसऱ्या प्रतिसादातील सवयीचा मुद्दा माझ्या बाबतीत अधिक लागू पडत असावा. आता महिनाभर ती आठवड्यातून दोनदा घालून पाहणार आहे. नजर पुन्हा वळली, तर येथे येऊन लिहीन.