४४ इंची फोटो प्रिंटर विकायचाय, कोल्हापुरात घेणार कोण?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. नवऱ्याची बदली बंगळूरला झालीय, दिवाळीनंतर बिऱ्हाड हलवायचंय. बाकी घरातल्या सगळ्याचं ठरलं पण माझ्या प्रिंटरचं काय करायचं तेच सुचेना. कॅनन प्रो-४०००, ४४ इंची, १२ शाईंचा, २०१९ ला नवा घेतलेला, राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर आहे. चित्रांच्या कॅनव्हास प्रती आणि प्रदर्शनाचे मोठे फोटो एवढीच कामं केलीत त्यावर. चालू आहे, दर आठवड्याला काही ना काही छापतेच. ऑनलाइन जाहिरात टाकली तर लोक "फायनल बोला" म्हणतात आणि गायब होतात, एकाने तर यावर झेरॉक्स निघते का विचारलं. जुन्या मशिनी घेणाऱ्या एकाने न बघताच भंगाराच्या वर थोडा असा भाव सांगितला. किंमत कशी काढायची, विचारायचं कोणाला, की सरळ सोबत न्यावा?

शिरोलीवाला:
ताई, फ्लेक्सवाल्यांकडे जाऊ नका. माझाच तो धंदा आहे म्हणून सांगतो. आमच्या मशिनी सॉल्व्हंट शाईच्या, आम्हाला स्क्वेअर फुटाचा दर आणि वेग एवढंच कळतं. तुमची पाण्यातली पिगमेंट शाई, तिचा फोटो घरात भिंतीवर वर्षानुवर्षं टिकेल पण चौकात पावसात बॅनर म्हणून टांगला तर काय व्हायचं ते व्हईल. शाईचा खर्च ऐकला की कोणी पुढचं बोलणारच नाही, आणि घेतलाच तर किंमत पाडून घेणार.

पंचगंगाकाठ:
लग्नाच्या फोटोग्राफरांच्या बी मागं लागू नका, अल्बम सगळे लॅबला जात्यात, ४४ इंचाचं त्यांना काय करायचंय. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे चित्रकार, फ्रेमवाले आणि इंटिरिअरवाले. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांचं गाव हाय हे, इथं चित्र काढणाऱ्यांची कमी न्हाई. कलानिकेतन आणि दळवीज या चित्रकला शिकवणाऱ्या कॉलेजांतल्या सरांना फोन टाका, दसरा चौकात शाहू स्मारकला प्रदर्शन लागलं की जाऊन तिथल्या लोकांशी बोला, बोर्डावर कागद चिकटवून हुतंय व्हय. चांगला फ्रेमवाला आज प्रिंट बाहेरनं करून आणतो, त्याला हिशोब घालून दाखवा. सांगली, बेळगाव, गोवा पण धरा, गोव्यात गॅलऱ्या हायत.

नॉझलचेक:
वरचं बरोबर आहे, पण किमतीचं मी सांगतो कारण लोक इथेच गंडतात. घेतला तेव्हाची किंमत धरून वर्षाला अमुक टक्के कमी असं काढू नका, घेणारा ते बघत नाही, त्याला भीती दोनच गोष्टींची असते, कागदावर शाई सोडणारं हेड मेलेलं असेल आणि शाई संपत आलेली असेल. तुमच्या मशिनचं हेड पीएफ-१०, ते आपलं आपण बदलता येतं, इंजिनिअर लागत नाही, ही विकताना फार मोठी जमेची बाजू आहे, जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा. आता डीलरकडून नव्या हेडचं आणि १२ शाईंच्या पूर्ण सेटचं आजचं कोटेशन लेखी घ्या. आत किती शाई आहे ते स्क्रीनवर दिसतंच, तिची किंमत वेगळी धरा, हेड जुनं असेल तर नव्या हेडचे पैसे मशिनच्या भावातून वजा करून सांगा. घेणाऱ्याला आकडा कुठून आला हे कळलं की तो "फायनल बोला" म्हणत नाही, निदान कमी म्हणतो.

दुसरं, तो आला की नॉझल चेक, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी प्रिंट, त्याच्यासमोर काढा. नुसता सुंदर फोटो दाखवून उपयोग नाही कारण या हेडमध्ये १८,४३२ नॉझल आहेत आणि काही बंद पडली तरी बाकीची त्यांचं काम सांभाळून नेतात, फोटोत कळत नाही, जाणकार माणूस नॉझल चेकच मागणार. त्याला म्हणा तुझीच फाइल पेनड्राइव्हवर आण, ती छापून देते. आणि काही झालं तरी विकेपर्यंत मशिन बंद करून कोपऱ्यात ठेवू नका! चालू प्रिंटर विकला जातो, "बंद करताना चालू होता" हा नाही विकला जात.

बंगळूरवासी:
सोबत न्यायचं डोक्यातून काढा. इथे भाड्याच्या घरात दीड मीटरच्या वर रुंदीचं धूड ठेवणार कुठे? शिवाय गाडीत घालण्याआधी मेन्यूमधून हलवायची तयारी करावी लागते, ती नळ्यांतली शाई काढून मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये, म्हणजे वाया गेलेल्या शाईच्या डब्यात, टाकते, आणि नव्या जागी नळ्या परत भरायला पुन्हा शाई जाते. तयारी न करता तिरका केला तर आत शाईचा चिखल. त्यापेक्षा विका, इकडे कामं मिळायला लागली की २४ इंची घ्या.

हिशोबनीस:
जीएसटी नंबर आहे का तुमचा? घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर विकताना बिल करून कर भरावा लागतो, जुनं आहे म्हणून सुटत नाही, आकडा सीएकडून काढा. आणि बेळगावला जरी गेलं तरी राज्य बदलतं, ५० हजाराच्या वर माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागतं. अजून एक, कोणी न बघताच हो म्हणाला, मी मिलिटरीत आहे म्हणाला आणि अ‍ॅडव्हान्ससाठी क्यूआर पाठवला तर ब्लॉक करा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

रंगपेटी:
बापरे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. नंबर आहे, सीएला विचारते. दळवीजच्या एका सरांशी बोलले, ते दोघातिघांना विचारून सांगतो म्हणालेत. @नॉझलचेक, रोल बरेच उरलेत, कॅनव्हासचे आणि मॅट कागदाचे, ते मशिनसोबत फुकट देऊन टाकू का? आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या फाइली आत राहतात का हो?

नॉझलचेक:
राहतात की, ३२० जीबीची हार्ड डिस्क आहे आत. देण्याआधी मेन्यूतून डिस्क पुसायची, पण व्यवहार पक्का झाल्यावर, मशिन खाली उतरवायच्या आधी. लोकांचे घरचे फोटो असतात, विसरू नका. रोल फुकट कशाला देताय? सीलबंद असतील ते चित्रकारांना वेगळे विका, पटकन जातील. उघडे रोल मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा धरतात, कडा लाटा घेतात, ते घेणाऱ्याला टेस्टसाठी म्हणून द्या, त्यावर भाव करत बसू नका.

शिरोलीवाला:
उतरवायला चार माणसं धरा, स्टँडसकट शंभर किलोच्या वर भरतंय. स्टँड वेगळा काढायचा, मशिन आडवंच धरायचं, जिन्याच्या वळणाचं माप आजच घेऊन ठेवा. हमाली मशिन घेणाऱ्यानं द्यायची हे आधीच बोलून घ्या, नाहीतर टेम्पो दारात उभा करून वाद घालत्यात लोक.