संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं नेमकं कसं?

विस्तारवाला: कृषी विस्तार शिकवतो. आमचे पेपर छापून येतात पण शेतात काही उतरत नाही, पाऊस असा लहरी झालाय की लोकांना उपाय आत्ता हवाय. प्रात्यक्षिक प्लॉट सोडून काही चालतं का?

काळीमाती: प्लॉटवर खतपाणी सगळं वेळेवर, तिथं काहीही चांगलंच दिसणार ना सर. मदर-बेबी ट्रायल बघा, १९९० च्या दशकात मलावीत सुरू झालेली पद्धत. मदर चाचणीत सगळे पर्याय असतात आणि शेतकरी त्यातले मोजकेच उचलून आपल्या रानात आपल्या पद्धतीने लावतात, त्या बेबी चाचण्या, मग तुमचा डेटा आणि त्यांचं मत शेजारी ठेवता येतं.

रानपाखरू: +१. नुसतं उत्पादन मोजू नका, चारा किती निघाला, मळणीला त्रास किती, चव कशी हे बायकांना विचारा. चांगले चांगले वाण तिथंच नापास होतात 😄

भातवेडा: स्वर्णा-सब१ भात घ्या, भारतात २००९ ला आलं, साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. मूळ स्वर्णा लोकांच्या ओळखीचंच होतं, त्यात फक्त पूर सोसायचा गुण घातला, म्हणून समजवायला सोपं. बियाणं वेळेत मिळणार का ते मात्र आधी बघा.

विस्तारवाला: आणि ट्रायलमध्ये पीक गेलं तर?

काळीमाती: तुकडा छोटा ठेवा, भरपाई बजेटमध्येच धरा.